कमळा स्पीकर आणि कुणालच्या दुकानाची पाटी

मी, श्रीमती कमळा चांगदेव मढवी, वय सत्तर, राहणार खारबाव, तालुका भिवंडी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही दडपण नसताना हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. डोकं ठीक आहे, गुडघे नाहीत. वर यजमानांचं नाव आलं आहे ते वकिलांनी रेशनकार्डावरून उतरवलं, मी तोंडाने घेतलं नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आमचे हे तर माझंही घेत नसत. जन्मभर नुसतं "अगं ए".

१. खारबावचं घर मुलगा कुणाल आणि सून भाविका यांना समाईक. अंगणातलं जांभळाचं झाड तोडू नये. शेजारी कचऱ्यावरून कटकट करतात, करू देत.

२. यजमान कापडाचे लूम दुरुस्त करत. दिवसभर खडखडाट ऐकून कान किटायचे, म्हणून घरी सागवानी पेट्यांत स्वतः स्पीकर बांधू लागले. पुढे त्याचाच धंदा झाला. मुंबईचे गाण्याचे शौकीन गाड्या घेऊन येत. पहिल्या जोडीवर ह्यांनी पितळी अक्षरांत 'कमळा' बसवलं. गिऱ्हाइकाने नाव विचारलं की म्हणायचे, "वाचा ना, लिवलंय तं हाय." मला कधी नावाने हाक न मारणाऱ्या माणसाने माझं नाव असं चारचौघांत लावलं, ते बघून मी मोरीत जाऊन रडले होते. ही जोडी भाविकाला द्यावी. ती निगुतीने पुसते आणि आवाज बेताचा ठेवते.

३. ह्यांचे भागीदार रामनाथभावोजी. हे आजारी पडले तेव्हा भावोजींनी धंदा आणि 'कमळा' हे नाव, दोन्ही मुंबईच्या कंपनीला विकलं. ह्यांनीही सही केली, दुसरा इलाज नव्हता. त्याच दुखण्यात हे गेले. सौदा झाला म्हणून भावोजी पेढे घेऊन आले होते, ते मला अजून सहन होत नाही. पुढे मुंबईवाल्यांनी दिल्लीवाल्यांना विकलं आणि आता सगळं परदेशातल्या कुठल्याशा फंडाकडे आहे. फंड म्हणजे नेमका कोण, असं मी त्यांच्या साहेबाला विचारलं, तर तो नुसता हसला. माझ्या नावाचे स्पीकर आता कुठे बनतात मला ठाऊक नाही. एकदा दुकानात ऐकले. आवाज बरा आहे, खोटं कशाला बोलू.

रामनाथभावोजींना मी काहीही ठेवत नाही. म्हणूनच ते साक्षीदार म्हणून चालतात, असं वकील म्हणाले.

४. धामणकर नाक्यावरचा गाळा आणि ह्यांची सगळी हत्यारं कुणालला. तो तिथे स्पीकर दुरुस्त करतो. त्याने हौसेने 'कमळा साऊंड' अशी पाटी लावली, तर फंडाच्या वकिलाची नोटीस आली. म्हणजे आईचं नाव पोराने लावायचं नाही. त्याने पाटीवर रंग मारला, तेव्हापासून दुकान बिननावाचं आहे. गिऱ्हाईक शोधत फिरतं आणि पुढच्याकडे जातं.

परवा फंडाचा तोच साहेब घरी आला. म्हणाला, "पहिली जोडी आमच्या शोरूमला द्या, पाटीला परवानगी देतो."

कुणाल म्हणाला, "आई, देऊन टाकू. तुझंच नाव परत मिळंल."

पोराचं मन मला कळतं. पण माझंच नाव मी कोणाच्या परवानगीने घ्यायचं, हे मला जमणार नाही. जोडी देऊ नये, आत्ताही नाही आणि मी गेल्यावरही नाही.

५. मात्र पोराचं दुकान असंच राहिलं तर माझा जीव अडकून राहील. म्हणून मी वकिलांना विचारलं, आमच्या ह्यांचं नाव कोणी विकत घेतलंय का? ते म्हणाले, नाही. ते कोणी मागितलंच नव्हतं.

तर दुकानावर पितळी अक्षरांत ह्यांचं नाव लावावं. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. कोणी विचारलं तर सांगावं, वाचा ना.

वकील पुन्हा रेशनकार्ड मागत होते. मी म्हटलं, राहू दे, मी सांगते, तुम्ही लिहा. चांगदेव.

ठिकाण : खारबाव
दिनांक : १२ फेब्रुवारी २००८
सही : कमळा चांगदेव मढवी

साक्षीदार :

डॉ. रुचिरा कर्णिक. बाईंनी माझ्यासमोर, समजून-उमजून सही केली.

रामनाथ भोईर. सही माझ्यासमोर झाली. चांगदेवचं नाव वहिनींनी स्वतः घेतलं. मी ऐकलं.