बाबांचं आभारप्रदर्शन

रविवार, संध्याकाळ. धायरी.

रोज या वहीत कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहिते, मन शांत राहतं म्हणे. आज नाही लिहिणार! सोसायटीच्या पूजेनंतर बाबांनी आभार मानले. मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, अगदी वीज गेली नाही म्हणून वीज कंपनीचेसुद्धा. पहाटेपासून सगळ्यांसाठी शिरा ढवळणारी आई मात्र त्यात कुठेच नाही.

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "अगं, घरच्यांचे कसले आभार? ती काय परकी आहे?"

मग परकी असती तरच बरं झालं असतं!

मी भांडतच राहिले. शेवटी आईच चिडली. "पुरे! घरात तू एकटी पदवीधर झालीस, ती भांडायला का?"

मग पातेलं घासता घासता हळूच म्हणाली, "शिरा बरा झाला होता ना गं? कुणी काही बोललंच नाही."