रिपोर्टमधलं मामांचं नाव

१२ जाने., सोम.
घोडबंदर रोडला पुन्हा तासभर अडकले. वर्गात साठांतले अकरा. 'शाश्वत व्यवसाय' हा विषय मार्कांना सोपा, म्हणून घेतात. मागून एकजण, "मॅडम, याच्यात प्लेसमेंट आहे का?" नाही म्हटलं. सगळे हसले. मीही.

२३ जाने., शुक्र.
प्रज्ञाचं प्रेझेंटेशन. आंबिवलीची मुलगी, मनापासून ऐकणारी एकटीच. डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यावर केलंय. तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार असले की सांडपाण्याचा प्लँट चालू, एरवी सगळं सरळ नाल्यात.
"पुरावा?"
"माझे मामा ऑपरेटर आहेत तिथे."
"मग रिपोर्टमध्ये नाव घाल. निनावी माहितीला किंमत नसते."
घुटमळली. मी घालायलाच लावलं.

३ फेब्रु., मंगळ.
कॉलेजच्या डायरेक्टरनी प्रज्ञाचा रिपोर्ट थेट कारखान्याला पाठवला! "इंडस्ट्री कनेक्ट, मॅडम." वाचलात का, विचारलं. "वरवर चाळला. बाइंडिंग मस्त आहे." मामांचं नाव तिसऱ्याच पानावर आहे.

९ फेब्रु., सोम.
मामांना काढलं. एकवीस वर्षं होते तिथे. प्रज्ञाने स्टाफरूमच्या दारातूनच सांगितलं, आत आली नाही. "तुम्ही म्हणालात म्हणून लिहिलेलं, मॅडम." चिडली असती तर बरं झालं असतं.

१० फेब्रु.
डायरेक्टर : "त्यांची अंतर्गत बाब आहे, आपण शेवटी शिक्षणसंस्था..." वाक्य अर्धंच. मग चहा मागवला. मी तो प्यायले. हेही लिहून ठेवते.

१५ फेब्रु., रवि.
टिटवाळ्याला मामांकडे गेले. मामी पाणी देऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मामा शांत. कारखाना परत घ्यायला तयार आहे म्हणे. फक्त कॉलेजचं पत्र हवं, की मामा काही बोलले नव्हते, भाचीने मनानेच रचलं.
"म्हणजे प्रज्ञा खोटी ठरेल."
"ती शिकलेली आहे, मॅडम. तिचं होईल काहीतरी. मला बावन्नाव्या वर्षी कोण घेतंय?"
प्रज्ञाला विचारते म्हटलं आणि उठले.

१६ फेब्रु., सोम.
प्रज्ञाला विचारलं. "द्या लिहून." मग निघता निघता, "पण नाल्याचं खरं आहे हां, मॅडम."
आज पारदर्शकतेवर तास होता. हजेरी घेतली आणि सोडून दिलं मुलांना. वीस वर्षं हेच शिकवतेय. कोणाला? कशाला?

१७ फेब्रु.
पत्र लिहिलं. चारच ओळी. भाषा अगदी स्वच्छ आलीये, त्याचीच लाज वाटते. सुहासला वाचून दाखवलं. नवरा म्हणून नाही, तिऱ्हाईत म्हणून सांग म्हटलं. "सही कर. माणूस कामाला तरी लागेल." आणि पोरगी? त्याने टीव्ही लावला.
उद्या अकराला मामा येतायत पत्र न्यायला. प्रज्ञाही येते म्हणाली.
सही केलेली नाही अजून.