तुझा धावपटू भेटला

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतंय. खोलीला ऊन येतं, असं आईला आवर्जून सांग.

काल आमच्या बुटांच्या दुकानाच्या नव्या मजल्याचं उद्घाटन झालं. पाहुणा कोण असावा? ज्याची कात्रणं तू उशीखाली ठेवायचीस, तो तुझा धावपटू! त्याचा फोटो घेऊन मीही सहीच्या रांगेत उभी राहिले.

माझी पाळी आली तशी म्हटलं, "दुखलं तरी थांबायचं नाही, हे तुमच्या मुलाखतीत वाचून माझी बहीण सुजलेल्या गुडघ्याने धावत राहिली. आता तिला जिनाही चढवत नाही."

तो चक्क हसला. "अगं, दुखलं की मी स्वतः अंथरुणातून उठायचो नाही. मुलाखतीत काहीतरी जोरदार बोलावं लागतं. लोक एवढं मनावर घेतात होय?"

मागचे ढकलत होते, मालक डोळे वटारत होते. त्याने फोटोवर भराभर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "बहिणीला दे."

तुला हे सांगूच नये असं वाटत होतं. पण ऑपरेशननंतरही 'मीच कमी पडले' म्हणून तू स्वतःला बोल लावतेस, ते आता बंद कर. तू कमी नाही पडलीस गं. तू त्याचं खरं मानलंस.

शेक घेतेस ना? बाबा अजून तुझ्यासमोर शर्यतींचा विषय टाळतात का?

फोटो पाठवत नाही. त्यावर त्याने लिहिलंय, 'धावत राहा.'

तुझीच,
धाकटी