दादा प्यायला नव्हता

१९ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार. तुम्ही आणि आमची बडबडी पुतणी दोघी मजेत असाल. इकडे छापखान्यात नवीन यंत्र आलंय, जुन्याहून जास्त रुसतं. दादा परवा दवाखान्यातून घरी आला. जेवणाला चव नाही म्हणून तोंड वाकडं करतो, म्हणजे सुधारतोय.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर एकदा तुम्हाला जे सांगून बसलोय, त्यासाठीच लिहायला घेतलंय.

दादाच्या स्वादुपिंडाला सूज आली म्हणाले, तेव्हाच मी मनात निकाल लावून टाकला, दारूच. तुम्ही घर सोडल्यापासून दोन वर्षं थेंबाला शिवलो नाही म्हणतो, ते सगळं खोटं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पित्ताशयातल्या खड्यांमुळे झालंय." मी नुसती मान हलवली.

चौथ्या दिवशी दुखणं उतरलं. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर त्याची जीभ जड. मलाच गिऱ्हाईक समजून विचारतो, "घड्याळ दुरुस्तीला आणलंत का?" मग म्हणाला, "तिला बोलव रे." नडगीवर बारीक लाल-जांभळे ठिपके होते. ते मी पाहिले, वहिनी. पाहिले आणि वर चादर ओढली.

"इथंही मागवलीस ना? लाज वाटू दे जरा," म्हणालो आणि कुणाला काही न सांगता कामावर निघालो.

जिन्यातच तुमचा फोन आला. "बॅग भरलीय, दुपारच्या गाडीने निघते."

"येऊ नका. पुन्हा प्यायलाय."

तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

संध्याकाळी नर्सबाईंना ते ठिपके दिसले आणि धावपळ उडाली. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, स्वादुपिंडाच्या सुजेनंतर क्वचित कुणाच्या रक्तात हे सुरू होतं. बारीक बारीक नसांत गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यातच खर्ची पडतात. गुठळ्या मेंदूत गेल्या की माणूस असं बरळतो.

"सकाळी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"तर लवकर सुरुवात केली असती," एवढंच म्हणाल्या.

नऊ दिवस यंत्रावर त्याच्या रक्तातला द्रव काढून दुसऱ्यांनी दिलेला भरत होते. दादा वाचला. पण उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून जाग नाही. घड्याळजीची बोटं.

काल त्याने विचारलं, "ती आली होती?"

मी म्हणालो, "कळवलं होतं. जमलं नाही वहिनींना."

तुम्हा दोघांमध्ये माझं हे दुसरं खोटं. आज सकाळी मात्र राहवलं नाही, सगळं ओकलो. तो बोटं चोळत बसून राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" म्हणाला. "तिला सांग."

म्हणून सांगतोय. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त या वेळी माझ्या शब्दावर ठरवू नका, त्याच्याशी बोला.

दीर म्हणून सही करायला आज हात धजत नाही,

धाकटा