स्क्रूवरचा लाल ठिपका

काराकोल, १२ डिसेंबर

प्रिय तालायदादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. अल्माटीला निघालेल्या जोमार्तच्या टॅक्सीतून पाठवतेय, सोबत आईने तुझ्यासाठी सुकी जर्दाळू दिलीत. आई बरी आहे. बर्फ यंदा लवकर पडला. तुझ्या लेकीचा, सायकलचा, फोटो मिळाला. त्याबद्दल शेवटी लिहिते, कारण आधी तुला दुसरं काही ऐकावं लागेल.

माझ्या दुकानाला तू नावं ठेवतोस, पण दुकान चाललंय. युरोपातून आलेल्या जुन्या स्की लोक बाजारातून उचलतात आणि स्कीवर बूट पकडून ठेवणारे खटके आपल्या बुटांना बसवून घ्यायला माझ्याकडे आणतात. मागचा खटका सरकवून बुटाला भिडवायचा आणि वजन विचारून स्क्रू फिरवायचा, म्हणजे पडताना पाय पिळवटायच्या आत बूट सुटतो. बाप्ये हटकून वजन वाढवून सांगतात, वर म्हणतात, "ताई, घट्ट आवळ, मी काय पडणाराय!" मी सरळ वजनकाटा आणून ठेवलाय.

परवा गुल्जान नावाची एक शिक्षिका निळ्या स्की घेऊन आली. टोकाशी खिळ्याने माझं नाव कोरलेलं होतं. चौदा वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, कुणा रशियन पाहुण्याला विकल्या. दादा, विकणाऱ्याने गुल्जानला सांगितलं, त्या तुझ्या सासऱ्यांच्या तबेल्यात टांगलेल्या होत्या. म्हातारा गेला, तबेला रिकामा केला, आणि त्या बाजारात आल्या.

निवड स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सरावात माझी एक स्की सुटली होती, आठवतं? पोरं मला नाही, तुला हसली होती. "तालाय, खटके बसवलेस की शर्टाची बटणं?" तू स्की घरी नेल्यास आणि म्हणालास, "आता बघू माझ्या हातची स्की कशी सुटते ते!" मला केवढा अभिमान वाटला होता तुझा. सोळा वर्षांची होते. स्पर्धेत पडले, स्की सुटली नाही, गुडघा फिरला. दवाखान्यात मी सांगत होते की खटका उघडलाच नाही. तू बाबांसमोर, प्रशिक्षकांसमोर हसून म्हणालास, "नाचता येईना अंगण वाकडं." बाबा तेच खरं मानून गेले. मीही तेच खरं मानलं.

परवा त्या निळ्या स्कीच्या खटक्यावर, घट्टपणाचा आकडा दाखवणाऱ्या खिडकीत, काटा नऊवर होता. मी सेहेचाळीस किलोची होते, मला चार पुष्कळ झाले असते. स्क्रूवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, तू फिरवून झाल्यावर लावायचास तो. स्क्रू हलला की तो तडकतो. तो अखंड होता, म्हणजे तुझ्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

मी तो ठिपका खरवडला, काटा गुल्जानच्या वजनाला आणला आणि स्की तिला देऊन टाकल्या. तिने विचारलं, "रडताय का?" मी म्हटलं, गंज उडाला डोळ्यात.

चूक मी माफ केली असती. तूही तेव्हा वीस वर्षांचा पोरगाच होतास. पण तू स्की लपवल्यास, म्हणजे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून चौदा वर्षं मला लंगडताना पाहिलंस आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदला पाहुण्यांना ती अंगणाची म्हण ऐकवत राहिलास. मी पण हसायचे रे सगळ्यांबरोबर. त्या हसण्याची मला आता किळस येते.

आता फोटो. सायकल, सात वर्षांची पोर, जुन्या स्कीवर उभी, आणि तू पेचकस घेऊन तिच्या पायाशी बसलायस. खाली लिहिलंयस, "मीच बसवल्या. दिवसभर पडली, एकदाही सुटल्या नाहीत!" मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही खटक्यांवर लाल ठिपके आहेत. म्हणून हे पत्र. तिचं वजन आणि तिच्या बुटाच्या तळाशी कोरलेली लांबी मला कळव. वजन काट्यावरचं, तुझ्या मनातलं नको. आकडा मी काढून देईन, आणि स्क्रू तिथला कारागीर फिरवेल, तू नाही. माझ्याशी पुन्हा बोलला नाहीस तरी चालेल. पण ते होईपर्यंत पोरीला डोंगरावर नेऊ नकोस.

तुझीच, ते काही बदलता येत नाही म्हणून,
बेरमेत