आई नसलेली पुस्तकं

मंद्रूप,
१८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आईंना वैजयंतीचा नमस्कार.

कंबर कशी आहे? तुम्ही पुन्हा भरलेली घागर उचललीत, असं यांच्याकडून कळलं. लेकाचं ऐकू नका, पण डॉक्टरांचं तरी ऐका. मी बरी आहे. ऊन आत्ताच इतकं आहे की दुपारी खोलीत थांबवत नाही.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर पायल तुमच्या मांडीवर असते आणि स्पीकर चालू असतो. रविवारी मी घरी आले की ती मला सोडत नाही. काही गोष्टी तिच्यादेखत बोलवत नाहीत.

आधी चांगली बातमी. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांचा नवा गठ्ठा आलाय. खिचडी झाली की मी दुसरीच्या पोरांना रोज एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते, आणि निवडायला तुमचीच पद्धत वापरते. अकलूजला पायलसाठी पुस्तक घेताना तुम्ही मधलंच पान उघडता, दुकानदारासमोर खड्या आवाजात वाचता आणि जीभ अडखळली की पुस्तक परत ठेवता. तेव्हा मला मेली लाज वाटायची! आता ऑफिसात मी तेच करते आणि हेडसर हसतात. पण निवड चुकत नाही हो. आमची निम्मी पोरं घरी कानडी बोलतात, तीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकतात. हे श्रेय तुमचं.

गेल्या आठवड्यात मात्र चन्नम्माने मला पकडलं. मेंढरंवाल्यांची पोर, पुढेच बसते, भीड म्हणून नाही. हत्ती, बेडूक, आगगाडी, भोपळा, सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "बाई, तुमच्या पुस्तकात कुणालाच आई न्हाय का हो?"

"असेल की, बघू," म्हणून मी विषय बदलला. शाळा सुटल्यावर मीच कपाटात बाजूला काढून ठेवलेली पुस्तकं पाहिली. सगळी आयांची आणि लेकरांची. त्यातलं एकही मी मोठ्याने वाचून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यातलंच एक घेतलं. शेळी रानात अडकते आणि करडू संध्याकाळी दारात बसून राहतं. त्या पानावर माझी जीभ अडखळली आणि अक्षरं दिसेनाशी झाली. आई, सोमवारी पहाटे मी अकलूजहून निघते तेव्हा पायल जागी असते. डोळे घट्ट मिटून पडलेली असते नुसती. तुम्हालाही ते दिसत असणार.

चन्नम्मा उठून माझ्याजवळ आली. "रडू नका की बाई. शेळी येती. म्या चित्रं बगितल्यात. पान उलटा."

मी पान उलटलं. शेळी आली होती. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मी सगळ्यांसमोर रडले.

तुम्ही पायलला सांभाळलंत म्हणून माझी नोकरी टिकली. तिच्या तापात तुम्ही जागलात. ती धीट आहे, हसरी आहे, ती तुमच्यामुळे. उपकार म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, पण आज म्हणू द्या. आणि म्हणूनच पुढचं लिहायला हात धजत नाही.

जूनपासून तिची पहिली. अकलूजच्या शाळेचं तुम्ही पक्कं करत आणलंय, ठाऊक आहे मला. बदलीची वाट बघून मी थकले. मला ती इथे हवी आहे, माझ्याजवळ, माझ्याच शाळेत. तुमचं घर सुनं होईल, हे कळतंय. तुम्हीही आलात तर माझ्यासारखी सुखी मीच. हे मेसमध्ये जेवतील आणि नावं ठेवतील. पण तुम्ही नाही आलात, तरीसुद्धा मी तिला मागते आहे.

एकच विनंती. हो म्हणालात, तर तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती तुमच्या गळ्यात पडून रडेल. तुम्ही सांगितलंत तर पिशवी भरायला बसेल.

तुमची सून, आणि पायलची आई,
वैजयंती