घरी सर्व कुशल आहे

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. इकडे मी कुशल. तू, भाऊजी आणि भाची कुशल असाल असं धरून चालतो.

पुलाच्या रंगाचं काम सुटलं. मुकादम म्हणायचा, एक टोक रंगवून होईपर्यंत दुसरं गंजायला लागतं, म्हणजे पोटाची कायमची सोय. माझ्या पायांना कायमचं काही मानवत नाही, तुला ठाऊक आहे. सध्या बर्फाच्या कारखान्याची गाडी चालवतो. उशीर झाला की गिऱ्हाइकाच्या हातात पाणी. कालच एकाने माझ्यासमोर बादली उलटी केली आणि विचारलं, की हे विकत घेतलं का मी. असो, मुद्दा राहूनच जाईल.

मुद्दा असा, की अग्निशमन दलात चालकाची जागा आहे. मी गाडी चालवून दाखवली, साहेब खूश. मग त्यांनी सैन्यातून सुटल्याचा दाखला मागितला. त्यावर काय लिहिलंय ते तुला माहीत आहे: 'गैरवर्तनामुळे सेवामुक्त'. साहेब माणूस चांगला. म्हणाले, शेरा बदलून आण, दोन महिने जागा धरून ठेवतो. ताई, पहिल्यांदाच एखाद्या कामावर टिकावंसं वाटतंय.

असे शेरे तपासणारं एक मंडळ असतं. तिथे अर्ज केला. घडलं तेच लिहिलं. आई मनाने आजारी होती, कुणाच्या हातून जेवत नव्हती, बहिणीचं पत्र आलं, रजा नाकारली, म्हणून न विचारता निघालो आणि अकरा दिवसांनी आपल्या पायांनी परत आलो. कारकून म्हणाला, बोलावल्याचा पुरावा लागेल. तुझं ते पत्र अजून माझ्याकडे आहे. तू फक्त एक प्रतिज्ञापत्र कर, की हो, मीच बोलावलं होतं. चार ओळींचं काम.

लोभ आहेच, तो बर्फासारखा वाटेत विरघळू देऊ नकोस.
तुझा,
भिंगरी

१३ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हे चौथं काम की पाचवं? माझ्या वहीत तुझे पत्ते खोडून खोडून पान फाटायला आलंय. इथे शाळेच्या गणवेशांची घाई आहे. साठ कॉलर झाल्या, चाळीस बाकी आहेत. तुझी भाची तुझ्यावरच गेली आहे. दुधाचा दात पडला तर तो मुठीत धरून गल्लीभर दाखवत फिरली.

प्रतिज्ञापत्र करते. माझं मूळ पत्र मात्र मला पाठव. सोबत जोडून मीच मंडळाकडे धाडीन, तू नक्की हरवशील. आणि घरी पाठवू नकोस, मी शिवायला बसते त्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरचं टपाल तुझे भाऊजी उघडतात, उगाच चौकश्या होतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच आहे, कळावे.
ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न. सोबत पत्र आहे. आठ वर्षं बुटांच्या खोक्यात होतं, म्हणून पॉलिशचा वास येईल. कोपऱ्यातला तेलाचा डाग मात्र तुझ्या मशीनचा. 'आई घोटभर पाणी घेत नाही. तुझंच नाव घेते. असशील तसा ये.' मी असेन तसाच आलो होतो, आठवतं? एका बुटाची नाडी नव्हती. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातून तीन घास खाल्ले आणि अकराव्या दिवशी मलाच म्हणाली, की तू किती वाळलास.

कारकून म्हणाला होता, झेरॉक्स काढून ठेव. दुकानातलं यंत्र बंद होतं. शिवाय बहिणीकडेच तर जातंय.

तुझा,
भिंगरी

१० जुलै

ताई,

आज मंडळाच्या कार्यालयात माझी फाइल बघायला मिळाली. टेबलाशी एक बाई लक्ष ठेवून असतात, पेन बाहेर काढून ठेवावं लागतं. पाटीच्या पेन्सिलीएवढं थोटूक देतात टिपणं घ्यायला. मी एकच टिपण घेतलं, पान सोळाचं.

चौकशीच्या वेळी पलटणीने घरी पत्र टाकून विचारलं होतं, की मुलगा सांगतो ते खरं का. त्याचं उत्तर पान सोळावर आहे. 'घरी सर्व कुशल आहे. आईची प्रकृती उत्तम आहे. भावाला आम्ही कोणीही बोलावलेले नाही.' खाली तुझी सही. तुझं अक्षर मी झोपेतही ओळखेन.

कुशल लिहायची पद्धतच असते, घर जळत असलं तरी लिहितात. ती ओळ मी सोडून दिली असती. पण तू तिथे थांबली नाहीस. तेव्हा कोठडीत बसून मी सगळ्यांना सांगत होतो, की घरून उत्तर येऊ दे, मग बघा. मग वाटलं, पत्र वाटेत गहाळ झालं असणार. आठ वर्षं मी टपाल खात्याला शिव्या घालतोय, ताई. बिचाऱ्यांनी वेळेत पोचवलं होतं.

सुनावणी एक ऑगस्टला आहे.

भिंगरी

१७ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू वाचलंस ते मीच लिहिलं. तेव्हा माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. बघायला आल्या तेव्हाच सासूबाईंनी विचारलं होतं, की घराण्यात कुणाला डोक्याचा त्रास नाही ना. अण्णा नाही म्हणाले आणि मी खाली बघत बसले. मग पलटणीचं पत्र आलं. मला वाटलं, तुला चार दिवस कोंडतील, रागावतील, आणि तू ते हसण्यावारी नेशील. तू सगळंच हसण्यावारी न्यायचास. आयुष्यभराचा शेरा मारतील हे कुठे माहीत होतं?

आई जाऊन वर्ष झालं, तरी या घरात कुणाला काही माहीत नाही. पोरगी जरा गप्प बसली तरी मी तिला हसवायला धावते, नाहीतर कुणी काही विचारेल. मंडळाकडून कधी कुणी घरी चौकशीला आलं तर?

पण तुझं नुकसान मी आता होऊ देणार नाही. प्रतिज्ञापत्र कालच रवाना केलं. मीच बोलावलं असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तुझंही काम होईल आणि इथेही काही बिघडणार नाही, अशा बेताने लिहिलंय. डोकं थंड ठेव. राग गेला की लिही.

ताई

३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा सुनावणी झाली. तीन माणसं होती, मधल्या खुर्चीवर एक बाई. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं आणि मी ते सांगणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी तुझा लिफाफा उघडला. प्रतिज्ञापत्र बाईंनी मोठ्याने वाचलं. 'माझ्या आईचा पाय मोडला होता, म्हणून मी भावास बोलावून घेतले.' मग माझा अर्ज वाचला. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले.

त्यांनी विचारलं, आई मनाने आजारी होती की पाय मोडला होता. मी म्हटलं, सोबत ताईचं जुनं पत्र असेल, ते बघा. बाईंनी लिफाफा उलटा करून झटकला. त्यातून काही पडलं नाही.

डावीकडचे म्हणाले, तुमच्या बहिणीने एकदा कुणी बोलावलं नाही असं लिहिलं, आता पायाचं लिहितात, म्हणजे त्या खोटं बोलतात का. त्यांनी विचारलंही नीट, टोमणा नव्हता. हो म्हटलं असतं तर बहुधा ते तुझ्या दारी आले असते. माझ्या तोंडात 'हो' तयार होतं, ताई, अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, माझी ताई खोटं बोलत नाही.

त्यांनी लिहून घेतलं. दोन्ही जबाब जुळत नाहीत, शेरा कायम. साहेबांना दाखला परत दाखवायला गेलो नाही. जागा धरून ठेवल्याबद्दल चिठ्ठी टाकली.

उद्या बर्फाची गाडी सोडतो. पुढचा पत्ता कळवत नाही, वहीतलं पान फाटायचं वाचेल. भाचीचा नवा दात आला असेल, तिला पापा.

आईच्या पायाला आता उतार असेल. इकडे सर्व कुशल आहे.

भिंगरी